वरच्या मजल्यावरचा सोफा

बास्केटबॉलचा विषय निघालाच आहे, तर आखातातल्या फुजैरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॅरेलविषयी सांगायलाच हवे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका क्लबने लीगच्या एका हंगामासाठी त्याला अमेरिकेहून आणले होते. घर, गाडी, सामान, सगळे क्लबचे. माझी स्मृती दगा देत नसेल, तर पहिल्या पराभवानंतर गाडी गेली. पुढच्या पराभवानंतर क्लबचा माणूस दोन हमाल घेऊन आला आणि जिन्यातूनच ओरडला, "यल्ला, टीव्ही उठाओ!"

तेव्हापासून आईला निकालासाठी पेपर लागला नाही. "अहो, सोफा उतरला," ती बाबांना सांगायची, "म्हणजे काल पुन्हा हरले."

आम्ही हसायचो. आईने दिलेले पोहे डॅरेल उभ्यानेच खायचा, कारण खुर्च्याही गेल्या होत्या. शेवटचा सामना ते जिंकले, तरी दुसऱ्या दिवशी पलंग उतरला. "बट यू वन, नो?" बाबांनी त्याला जिन्यात विचारले.

"येस सर," तो बॅग उचलत म्हणाला. त्याच्या जागी नवा खेळाडू आधीच ठरला होता.

बाबा बंदरावरच्या एका कंपनीत होते आणि आमचेही घर-सामान कंपनीचेच होते. नोकरी गेल्याचे त्यांनी घरी सांगितले नव्हते. त्या उन्हाळ्यात एका सकाळी आईने दार उघडले, तर समोर तेच दोन हमाल.

"भाभीजी, सोफा लेना है."

आई बाबांकडे वळली. मग तिने हळूच विचारले, "अहो, आपली मॅच कधी झाली?"