फोनवर नसलेलं जहाज

आमच्या निखिलचं एक ठाम मत होतं बघ, जे फोनवर दिसत नाही ते नसतंच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनहून गाडी काढून पार मालिन हेडला गेलो, आयर्लंडच्या उत्तर टोकाला. समोर नुसतं धुकं. हा थर्मासमधला चहा पीत, जहाजं दाखवणारं ॲप उघडून बसला.

"काही नाहीये. एक मासेमारीची बोट, बस."

मीही डोकावले. बोटीचा ठिपका सरळ चालला होता, तो मध्येच वळला आणि रिकाम्या निळ्या पाण्याला मोठा वळसा घालून पुढे गेला.

"निखिल, ती कशाला वळली?"

"जीपीएसचा घोळ असेल."

तेवढ्यात धुकं जरा विरलं. दूर पाण्यावर दोन करडे मनोरे होते, एकमेकांत तेवढंच अंतर ठेवून सरकत होते.

"दोन जहाजं?"

"एकच आहे, दोन मनोऱ्यांचं," तो हळू आवाजात म्हणाला. "ब्रिटिशांची विमानवाहू नौका. युद्धनौकांना ॲपवर दिसायचं नसेल, तर त्या सिग्नल बंद ठेवतात."

एक विमान तिच्याजवळ आलं आणि हवेत चक्क थांबलं. मग जागच्या जागी सरळ खाली उतरलं. त्याची घरघर आमच्या छातीत पोचली, तोवर धुकं पुन्हा दाटलंही होतं. ॲपवर समुद्र रिकामाच.

मी विचारलं, "आपल्याला ती दिसत नाहीये. तिला आपण दिसत असू?"

निखिलने फोन बंद करून खिशात टाकला.

घरी आलो ते रस्ता विचारत विचारत.