खणातलं शिंग

कोरीन : मला फक्त एवढंच सांगा डॉक्टर, काठीच्या माराने कुत्रीचा असा दात तुटतो की नाही?

डॉ. हॅफर्ड : आधी तिचं डोकं नीट धर. बिजू, शहाणी माझी, आ कर. झालं, झालं. हे बघ, वरची मागची मोठी दाढ. बाहेरच्या अंगाने अख्खा टवका उडालाय. आणि मधे तो लालसर ठिपका दिसतो ना, ती नस. उघडी पडलीय.

कोरीन : म्हणजे मारलंच आहे.

डॉ. हॅफर्ड : तसं मी म्हटलं नाही. हिला कोण मारणार?

कोरीन : सासरे. दिवसभर घरात दुसरं असतं कोण? नवरा, रोझेअर, लाकडांचे ट्रक भरायला उजाडायच्या आत निघतो. मी बटाट्याच्या कारखान्यात, मुलं शाळेत. उरले कोण, तर पेपेर, म्हणजे मुलांचे आजोबा, त्यांची काठी आणि ही कुत्री.

डॉ. हॅफर्ड : ओव्हिला थेरियो कुत्र्यावर काठी उचलतील? त्यांना मी लहानपणापासून बघत आलेय.

कोरीन : तुम्ही बघितलेत ते जुने. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले ते निराळेच. बोलत नाहीत, नुसते बघत बसतात. थंडी सुरू होताना एकदा शेगडीवर तवा तापत ठेवून अंगणात निघून गेले. घर धुराने भरलं. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, यापुढे माझ्या स्वयंपाकघरात हात घालायचा नाही. तेव्हापासून हे सगळं सुरू झालं.

डॉ. हॅफर्ड : काय सुरू झालं?

कोरीन : मी कामावरून येते तर त्यांच्या खोलीचं दार लावलेलं आणि कुत्री आत. पूर्वी मी आले की ही पायात घोटाळायची. आता दार वाजवलं की आतला आवाज एकदम थांबतो, मग जरा वेळाने दार उघडतात. एकदा टॉवेलवर रक्त दिसलं. विचारलं तर म्हणाले, दाढी करताना कापलं. गालावर साधा ओरखडा नव्हता हो. बरं, बिजू मला तोंडाला हात लावू देईना, मान फिरवायची. आणि एकदा धुतलेले कपडे ठेवायला त्यांचा खण उघडला, तर मोज्यांच्या खाली हिचं शिंग.

डॉ. हॅफर्ड : कसलं शिंग?

कोरीन : मूस हरणाचं, चघळायचं. खुर्चीचे पाय कुरतडायची, म्हणून मीच आणलेलं. दुकानदार म्हणाला, अगदी नैसर्गिक, वर्षभर दुसरं आणायला नको. आता मुक्या जनावराचं खेळणं दडवून ठेवायचं, ही कसली खोड? मी काढलं आणि तिच्यापुढे टाकलं. दुसऱ्या दिवशी परत गायब. या वेळी लाकडांच्या ढिगामागे सापडलं. तेही आणून दिलं. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. त्यांनी लपवायचं, मी शोधायचं, असं चाललंय आमचं.

डॉ. हॅफर्ड : रोझेअर काय म्हणतो?

कोरीन : मला संशयाचं भूत लागलंय म्हणतो. म्हणून तर तुमच्याकडे आले. पुलाजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. मी सांगून थकले, त्याच्या गळी उतरत नाही. तुम्ही नुसता फोन करून सांगा की कुत्रीला मार बसलाय. तुमचं ऐकेल.

डॉ. हॅफर्ड : खोटं कसं सांगू? काठी बसली असती तर पुढचे दात गेले असते, सुळे गेले असते. ओठ फुटला असता. ही दाढ गालाच्या आत इतकी मागे असते की तिथवर काठी जाणं कठीण. तिचा असा टवका उडतो तो बहुतेक वेळा कडक काहीतरी जीव खाऊन चावल्याने. हाड, गुराचा खूर, शिंग.

कोरीन : शिंग.

डॉ. हॅफर्ड : हो.

कोरीन : मग दार लावून तेच तिला चावायला देत असतील. म्हणून तर खणात.

डॉ. हॅफर्ड : कोरीन, जरा दम खा. ते शिंग आणलंयस का?

कोरीन : पिशवीत आहे. रोझेअरला दाखवायला ठेवलंय.

डॉ. हॅफर्ड : त्यात अंगठ्याचं नख रोवून बघ.

कोरीन : नाही रुतत.

डॉ. हॅफर्ड : आता आपल्या गुडघ्यावर मार. हळू नको.

कोरीन : आई गं.

डॉ. हॅफर्ड : जे गुडघ्याला सोसत नाही ते कुत्र्याच्या दातालाही देऊ नये. नख रुतायला हवं, नाहीतर हाताने थोडं वाकायला तरी हवं. दुकानदार नैसर्गिक म्हणतो, म्हणून दात वाचत नाही. ओव्हिला कुठे आहेत?

कोरीन : बाहेर बसलेत. येऊ नका म्हटलं तरी आधीच गाडीत जाऊन बसले होते. त्यांना बोलावू नका डॉक्टर, ते काही कबूल व्हायचे नाहीत.

डॉ. हॅफर्ड : मला कबुली नकोय. ही कधीपासून कशी खाते, ते हवंय. ओव्हिला, आत येता का?

[ओव्हिला काठी टेकत आत येतात. टेबलावर पडल्या पडल्या बिजू शेपूट हलवते.]

ओव्हिला : लॉरेल, उजवीकडचाच दात ना?

डॉ. हॅफर्ड : उजवीकडचाच. तुम्हाला कसं ठाऊक?

ओव्हिला : मान डावीकडे कलती करून खाते. दाणे तोंडातून सांडायचे. म्हणून भिजवून भरवतो, कोमट पाण्यात.

कोरीन : दार लावून?

ओव्हिला : स्वयंपाकघर बंद केलंस माझं. किटली माझ्या खोलीत आहे. तिला पायाशी घेऊन हळूहळू भरवायला लागतं, तेवढ्यात मुलं आली की ती उठून पळते.

कोरीन : आणि टॉवेलवरचं रक्त? दाढीचं म्हणालात.

ओव्हिला : तिचं होतं. तोंड पुसलं होतं मी.

कोरीन : मग खोटं का बोललात?

ओव्हिला : तू दारात उभी होतीस आणि माझ्या काठीकडे बघत होतीस. कुत्रीचं रक्त म्हटलं असतं, तर तू काय समजली असतीस?

डॉ. हॅफर्ड : शिंग तुम्हीच लपवत होता?

ओव्हिला : त्याला रक्त लागलेलं दिसलं. मग काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर परत तिच्या तोंडात. मला वाटलं, सूनबाई मला चिडवायला देतेय.

कोरीन : मला वाटलं तुम्ही माझ्यावरचा राग तिच्यावर काढताय. एकदा सांगायचं होतं.

ओव्हिला : सांगितलं होतं. तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, आता कुत्रीसुद्धा तुम्हीच सांभाळणार का. मग नाही बोललो.

कोरीन : मला आठवत नाही.

ओव्हिला : नसेल.

डॉ. हॅफर्ड : आणि रोझेअरला का नाही सांगितलंत?

ओव्हिला : त्याला सांगायचं म्हणजे त्याच्या बायकोविरुद्ध सांगायचं. त्याच्या घरात राहून ते नको वाटलं. माझ्या परीने करत होतो. तोंड दुखतं म्हणून बर्फाचा खडा द्यायचो. कडाकडा फोडून खायची.

डॉ. हॅफर्ड : बर्फ? ओव्हिला, तोही तितकाच वाईट. फुटलेला दात त्याने आणखी फुटतो. आणि तुम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवत बसलात, तोवर ही कुत्री उघड्या नसेवर जेवत होती. डोळ्याखाली हात लावून बघा. सूज यायला लागलीय. आतून पू धरतोय.

कोरीन : आता काय करायचं?

डॉ. हॅफर्ड : दोन वाटा आहेत. नस साफ करून दात राखता येतो, पण त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे बँगोर शहरात न्यावं लागेल, आणि सूज बघता दात राखता येईलच असं नाही. नाहीतर आजच भूल देऊन मी काढते. दाढेविना कुत्री मजेत जगतात. दुखऱ्या दाढेसकट नाही.

कोरीन : काढा. म्हणजे, पेपेर, तुम्हाला काय वाटतं?

ओव्हिला : मला विचारतेस?

कोरीन : भरवता तुम्ही.

ओव्हिला : काढ, लॉरेल. आज नीट झोपू दे तिला.

डॉ. हॅफर्ड : टाके विरेपर्यंत मऊ खाणं. चघळायला काही द्यायचं नाही, दोरीची ओढाओढ नाही. नंतर हवंच असेल तर रबरी खेळणं घ्या, पोकळ, बोटाने दबणारं. त्यात भिजवलेलं खाणं भरा. तिच्या तोंडात मावून गिळलं जाईल इतकं लहान नको, आणि चघळताना कोणीतरी समोर हवं. मी आता हिला आत नेते. दुपारपर्यंत घरी जाऊन या हवं तर.

ओव्हिला : मी इथेच बसतो.

कोरीन : मग मीही थांबते. कारखान्यात कळवते.

ओव्हिला : तू जा. तुझा पगार कापतील.

कोरीन : कापू देत. रोझेअरलाही फोन करायचाय.

ओव्हिला : वृद्धाश्रमातल्या त्या खोलीबद्दल?

कोरीन : तुम्हाला माहीत होतं?

ओव्हिला : भिंती पातळ आहेत तुमच्या घराच्या.

कोरीन : नको म्हणून सांगणार आहे.

ओव्हिला : कुत्रीला भरवायला माणूस हवा, म्हणून?

कोरीन : सध्या तरी तसंच समजा. मी एका दिवसात बदलणार नाही, पेपेर. अजूनही वाटतंय, तुम्ही काहीतरी लपवताय.

ओव्हिला : लपवतोय.

कोरीन : काय?

ओव्हिला : तवा मी विसरलो नव्हतो. प्लॉयची धिरडी करायला ठेवला होता, मुलांसाठी. पीठ घ्यायला बाहेरच्या कोठीत गेलो आणि घराचं दार कोणत्या बाजूला, ते आठवेना. बराच वेळ थंडीत फिरत होतो. बिजूनेच घरी आणलं, बाही धरून.

कोरीन : हे रोझेअरला सांगितलंत?

ओव्हिला : कोणालाच नाही. आता तुला.

कोरीन : पेपेर...

ओव्हिला : इकडे येऊन बस. तिथे दारातून वारा लागतो.