शुभदाची बिनसुईची लस

मंडळी, तुम्ही सगळे आलात. शुभदाच्या घरचे, मुलुंडच्या आमच्या प्रयोगशाळेतले, शाळेतल्या मैत्रिणी. शाळेपासूनची मैत्रीण गेल्यावर चार माणसांसमोर काय बोलायचं? तरी बोलणार आहे. रडायचं ते घरी रडेन.

आम्ही कॉन्व्हेंटच्या मुली. शाळेत इंजेक्शनवाले आले की शुभदा गायब. एकदा प्रार्थनेच्या हॉलमध्ये पियानोमागे सापडली. सिस्टर म्हणाल्या, बाहेर ये. ही आतूनच म्हणाली, "सिस्टर, आधी सुईला बाहेर घालवा!"

हीच मुलगी पुढे बिनसुईची लस करायला बसली. दंडावर चिकटवायची छोटीशी पट्टी. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारी टोकं, कातडीत विरघळून जाणारी. बाळाला कळणारही नाही.

प्रयोगशाळेत पट्टी छान चालायची. आम्ही खूश. एका जुलैत शुभदा औषध न घातलेल्या कोऱ्या पट्ट्या घाटकोपरला घरी घेऊन गेली, स्वतःच्या दंडावर लावून बघायला. सकाळीच फोन. "अगं, वाट लागली! पाकीट फोडून चहा टाकायला गेले, तेवढ्यात टोकं मऊ. पापडासारखी सादळली!"

आम्ही सगळं एसीत तपासत होतो. मुंबईत जन्म काढून मुंबईची हवाच विसरलो होतो!

त्या दिवसापासून तिने चाचणीच्या खोलीतला एसी बंद केला. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "लस घेणाऱ्या बाळाला एसी आहे का रे? मग तुलाही नाही." घामाने निथळत काम केलं आम्ही. तिच्यावर चिडत केलं. पण केलं.

शेवटच्या आजारात भेटायला गेले. हाताला सलाईन. मी म्हटलं, "शुभे, घेतलीस ना टोचून?"

"घेतली गं. ते सोड. पट्टी टिकली का?"

"अजून नाही."

"मग इथे काय करतेस?"

मंडळी, पट्टी अजूनही दमट हवेत पुरती टिकत नाही. हे काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत ठरणार आहे. शुभदाच गेली, आता कशाला, असं काही जण म्हणतात. कशाला? बाळं जन्मायची थांबलीत का? मी यंदा निवृत्त होणार होते. नाही होत. त्या बैठकीत मी बसणार, आणि प्रयोगशाळेतली तिने घडवलेली ही सगळी मुलं माझ्या शेजारी बसणार.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यानंतर आम्ही प्रयोगशाळेतले चहाला थांबणार नाही. रविवार असला तरी कामाला जाणार.

शुभे, येते गं.