दुरुस्तीआधीचा फोटो

अरे, आमच्या नवघरच्या अभ्यासिकेचं ऐका ना. अनुदान देणाऱ्या साहेबांना खोलीचे दोन फोटो हवे होते, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. नाहीतर पुढचा हप्ता अडकणार. आणि आधीचा काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं! मग काय, नुकत्याच रंगवलेल्या खोलीत आम्हीच कचरा पसरायला लागलो. पण झाडलोट करणाऱ्या कमलमावशी मागोमाग झाडतायत.

"मावशी, राहू द्या हो, फोटो काढायचाय!"

"फोटो काढायचाय म्हणूनच झाडतेय ना!"

तेवढ्यात साहेबच दारात. कचरा बघून हळहळले.

"अरेरे, इथे तर अजून खूप काम बाकी आहे!"

पुढच्या वर्षीचं अनुदान तिथल्या तिथे कबूल.

आता साहेब येणार म्हटलं की मावशी घरून कचरा घेऊन येतात.