कुलपातले दोन तास

आई: दिवसातून दोनदा अंघोळ घालते मी तिला. दोनदा. आणखी काय करायचं ते तुम्हीच सांगा, मावशी. कातडी सोलून काढू का पोरीची?

मावशी: माझ्यावर कशाला डाफरता? मी शाळेची मावशी. झाडायचं, पुसायचं, पोरांची नाकं शिंकरायची. चिठ्ठी मोठ्या बाईंनी लिहिलीय.

आई: “मुलीच्या अंगाला उग्र वास येतो. तीन पालकांनी तक्रार केली आहे. डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत सोमवारपासून वर्गात घेता येणार नाही.” पाच वर्षांच्या मुलीबद्दल असं लिहितात? कुठे आहेत मोठ्या बाई?

मावशी: गेल्या. साडेबाराला शाळा सुटते, पाऊणला त्या सुटतात. बसा जरा. भिंगरी मागे नळावर हातपाय धुतेय. तिला वेळ लागतो.

आई: भिंगरी?

मावशी: मी म्हणते तिला. शाळा सुरू झाली तेव्हा एका जागी ठरायची नाही ना, म्हणून. आता कोपऱ्यात बसते. शेजारी कोणी बसत नाही. बसवलं तर रडतात.

आई: मला माहितीये यामागे काय आहे ते. मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. रोग्यांच्या चादरी निवडते. ते कळल्यापासून लोकांना वास यायला लागलाय.

मावशी: मग मला कशाला आला असता? मी काय राजवाड्यातून येते?

आई: येत नाही वास. मी आई आहे तिची, मला नाही का कळणार?

मावशी: बरं. ही पिशवी घ्या. तिचे सकाळचे कपडे. रोज आल्या आल्या बदलते मी, शाळेच्या पेटीतले घालते, घरी जाताना परत तिचे. पिशवीचं तोंड जरासं सैल करा. नाकाशी धरा, नीट.

आई: धरली.

मावशी: कसला येतोय?

आई: साबणाचा. परवाच धुतलेत मी.

मावशी: परत घ्या.

आई: साबणच आहे. थोडा उन्हाचा.

मावशी: बाई, त्यात कपडे नाहीत. संडास पुसायचं फडकं आहे, फिनेलात बुडवलेलं. मी इथे बसलेय तरी वासाने माझं डोकं भणभणतंय.

(आई पिशवी पुन्हा नाकाशी धरते, मग खाली ठेवते. मागे नळ वाहतो आहे.)

मावशी: कधीपासून?

आई: तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?

मावशी: मी विचारलं, कधीपासून.

आई: ही पोटात होती. सहावा महिना. आठ दिवस ताप होता, उतरला तेव्हा नाकातलं सगळं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वाट बघितली. मग बघायचं सोडून दिलं.

मावशी: घरी माहीत होतं?

आई: नाही. दूध करपलं की नवरा म्हणायचा, लक्ष कुठे असतं तुझं? मी म्हणायचे, चुकलं. आता तो वेगळा राहतो, आणि मुलगी मागतोय. गॅस सुटला तरी जिला कळत नाही तिच्याकडे पोर ठेवायचं का, असं कोणीही विचारेल. त्याला तेवढं कारण पुरेल, मावशी. म्हणून कोणालाच सांगितलं नाही. कामावर सगळे म्हणतात, बघा, हिचं काळीज केवढं घट्ट, नाक मुरडत नाही. मी नुसती हसते.

मावशी: सहा वर्षं एकटी हसतेस? अगं पोरी.

आई: त्या चिठ्ठीत लिहिलंय ते खरंय, असं म्हणता तुम्ही.

मावशी: खरंय. लघवीचा वास आहे. ताजा नव्हे, मुरलेला.

आई: ती अंथरुणात करत नाही. अडीच वर्षांची झाल्यापासून एकदाही नाही.

मावशी: झोपेत नाहीच करत. तू पाचला निघतेस ना कामाला?

आई: तिने सांगितलं?

मावशी: लगेच नाही. पंधरा दिवस वेणी घालून दिली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. बाहेरून कुलूप लावतेस.

आई: वरच्या काकूंकडे किल्ली असते. सातला उघडतात, आवरतात, गाडीत बसवतात. दोनच तास असतात मधले. गाढ झोपेत असते ती.

मावशी: कुलपाच्या आवाजाने उठते. रोज.

आई: रोज?

मावशी: आणि संडास कुठे आहे तुमचा?

आई: बाहेर. व्हरांड्याच्या टोकाला.

मावशी: हं.

आई: निजताना मी नेऊन आणते तिला.

मावशी: रात्रीचं सकाळपर्यंत पुरतं होय? धरते, धरते, मग होऊन जातं. मग आदल्या दिवशीच्या फ्रॉकने फरशी पुसते. आणि ओलं सगळं घडी करून कपाटात ठेवते, धुतलेल्या कपड्यांच्या मधोमध. घडी छान घालते हो, तुझं बघून शिकली असणार. सगळ्या कपाटाला लागलाय वास. तू अंघोळ घालतेस, घासूनपुसून काढतेस, आणि त्याच कपाटातले कपडे तिच्या अंगावर चढतात.

आई: काकूंना येत असेल की. मग त्या का बोलल्या नाहीत?

मावशी: लोक नाक धरतात. तोंड उघडत नाहीत.

आई: पण तिने मला सांगायचं. मी कधी हात उगारला नाही तिच्यावर.

मावशी: मीही हेच विचारलं. म्हणाली, आईला वास येत नाही.

आई: असं म्हणाली?

मावशी: एकदा मळका मोजा तुझ्या नाकाला लावला होता म्हणे, तू म्हणालीस, छान. तेव्हा कळलं तिला. आणि मला म्हणाली, मावशी, कोणाला सांगू नको, नाहीतर बाबा मला घेऊन जातील.

आई: तिच्यासमोर मी कधी बोलले नाही हे.

मावशी: एका खोलीत राहता, रात्री नवऱ्याशी फोनवर भांडत असशील. भिंतींना कान असतात, इथे तर कानच पांघरुणात झोपलेले.

आई: एका पांघरुणात दोघी, आणि दोघी एकमेकींपासून लपवतोय. ती दोन तास दाराकडे बघत बसत असेल, मावशी. आणि मी तिकडे चादरी निवडताना मनाला सांगते, झोपलीय माझी बाय.

मावशी: रडून घे. मग ऐक. आज घरी गेलीस की कपाट रिकामं कर. एकूण एक कपडा सोडा घालून गरम पाण्यात. फळ्यासुद्धा पूस, दारं सताड उघडी ठेव. खोलीत झाकणाची बादली ठेव. आणि काकूंना म्हण, किल्ली नुसती ठेवू नका, पाचला खाली येऊन झोपा. नाही म्हणाल्या तर पोर झोपेतच वर नेऊन घाल. कुलूप लावणं बंद.

आई: त्यांना कसं सांगू? कोणाकडे काही मागितलं नाही मी आजवर.

मावशी: म्हणून तर ही पाळी आली.

आई: आणि दाखला?

मावशी: डॉक्टरांकडे ने, लघवी तपासून घे. इतकं धरून ठेवते ती, दाखवलेलं बरं. मोठ्या बाईंना मी एवढंच सांगेन की संडास लांब होता. तुझ्या नाकाचं माझ्याकडून कोणाला कळायचं नाही.

आई: वास गेला की नाही, हे मला कोण सांगणार?

मावशी: सोमवारी फाटकाशी मी असतेच. वाकून हुंगेन आणि मान हलवेन. कोणाला कळायचंही नाही. आणि घरात एक चांगलं नाक आहे की. त्याला विचारत जा.

मुलगी: मावशी, झाले हातपाय. आई, तू का रडतेस? मावशी, तू सांगितलंस.

मावशी: सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही बघ.

मुलगी: बाबा येणार आता?

आई: नाही. कोणी येणार नाही. इकडे ये. कुलूपपण नाही लावणार मी आता.

मुलगी: मग सकाळी दार कोण बघणार?

आई: कोणीच नाही. तू झोपायचं.

मुलगी: बरं.

आई: मावशी, एक विचारू? हसायचं नाही.

मावशी: विचार.

आई: लहान मुलांच्या टाळूला वास असतो म्हणतात ना. कामावरच्या बायका सांगत बसतात, जीव ओवाळून टाकावासा वाटतो म्हणे. मला तो कधी मिळाला नाही. आता पाच वर्षांची झाली. राहिलाय का अजून?

मावशी: ये गं भिंगरे. डोकं दे जरा.

मुलगी: गुदगुल्या होतात.

आई: नसेल तर नाही म्हणून सांगा. मला चालेल.

मावशी: आहे. कानामागे, केसांच्या मुळाशी. जायला आलाय, पण आहे.

आई: मग जरा धरून बसते तिला.

मावशी: बस. माझ्या दोन खोल्या झाडायच्या राहिल्यात अजून.