लहानशीच तर टाकी आहे

...आणि वर फोन करून मलाच विचारतो, "काय भावोजी, मासे मजेत ना?" मासे मजेत आहेत हो, माझं काय? तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलंय, पण बायकोच्या सख्ख्या भावाने, दोन बोटांएवढ्या माशाने आणि जन्मदात्या बापाने एकाच टाकीवरून फसवावं म्हणजे... जाऊ दे. आणि सुरुवात कशाने? मेहुण्याच्या एका वाक्याने. "लहानशीच तर टाकी आहे!"

आमचे बाबा सव्वीस वर्षं बोटीवर होते, इंजिनात. तिथे काय करायचे? आता... इंजिनात काहीतरी करायचे. दीड वर्षापूर्वी आई गेली आणि माणूस मिटलाच. चहा हवा का? हं. जेवलात का? हं. एकदा मी मुद्दाम विचारलं, बाबा, घराला आग लागलीय का? तर हं. दिवसभर खुर्चीत, समोर भिंत, भिंतीवर घड्याळ आणि तेही बंद पडलेलं. मला बघवेना हो. म्हटलं, माणूस समुद्रावर जगला, आपण समुद्रच घरात आणू. एक वाक्य बोलले तरी भरून पावलो.

मेहुण्याला घेऊन गेलो दुकानात, कारण त्याला अनुभव. त्याने एकदा सोनेरी मासा पाळला होता, अकरा दिवस. मासा गेला, अनुभव राहिला. दुकानदार हडकुळा, हातात रिपोर्ट धरलेल्या डॉक्टरसारखा हळू बोलणारा. म्हणाला, "पहिलीच टाकी ना? मग मोठी घ्या. मोठ्या टाकीत चूक विरघळते. लहान टाकीत सकाळी चूक केली की संध्याकाळी माशाला कळते." मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने डोळा मारला आणि माझ्या कानात, "मोठी खपवायचीय त्याला. लहान घ्या. लहानाची कटकटही लहान." आता तुम्हीच सांगा, खरं बोलणाऱ्याने इतकं हळू बोलावं का? जरा ओरडून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

तर टाकी घेतली लहानशी, जुन्या छोट्या टीव्हीएवढी. मग तिला लहानसा हीटर, कारण समुद्राला म्हणे गारठा सोसत नाही. लहानसा पंप, कारण समुद्र स्वस्थ बसत नाही. वर निळसर दिवा, कारण प्रवाळाला आपला साधा उजेड पुरत नाही. नळाचं पाणी चालत नाही, गाळून गाळून शुद्ध केलेलं लागतं, म्हणजे आम्ही नळाचं पिणार आणि मासा शुद्ध! त्यात मीठ घालायचं तेही खास समुद्राचं, पाकिटातलं. आणि दगड, तोही जिवंत. मी विचारलं, दगड जिवंत म्हणजे? "त्यात न दिसणारे जीव असतात. टाकी तेच सांभाळतात," इति दुकानदार. घरी आणला तर बायको, "ई, वास येतोय," म्हणून ब्रश आणि साबण घेऊन मोरीत बसली. झडप घालून दगड वाचवला. त्या दगडाइतकी माझी काळजी या घरात कुणी घेतली असती तर...

शेवटी दुकानदाराने एक नळी पुढे केली, दुर्बिणीसारखी. एका टोकाला थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकातून बघायचं, पाणी किती खारट ते आकड्यात दिसतं. "हे घ्याच," म्हणाला, यावेळी जरा मोठ्याने. मेहुणा म्हणतो, "जीभ आहे की भावोजी! लहानशीच तर टाकी आहे." ठेवली नळी परत.

मग मासे? "सहा आठवड्यांनी," दुकानदार म्हणतो. आधी पाणी मुरलं पाहिजे. सहा आठवडे आमच्या दिवाणखान्यात निळ्या उजेडात एक दगड. शेजारी यायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे... पाणी." बाबांची खुर्ची मी टाकीकडे फिरवली. बाबा, आवडली? हं.

मग आले मासे. दोन, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. आणि दगडावर प्रवाळ, मऊ बोटांचा, पाण्यात हलणारा. त्या दिवशी बाबा पुढे झुकले. आणि तुम्हाला सांगतो, संध्याकाळपर्यंत त्यांची खुर्ची एक फरशी पुढे सरकली होती. मी मोजली फरशी. रात्री झोप नाही आली मला आनंदाने.

बाबांना मासे नीट दिसावेत म्हणून मी टाकीवरचं झाकण काढलं, आणि लहान टाकीतलं पाणी रोज बोटभर कमी व्हायला लागलं. हवेत उडून जातं ते. मी सरळ माणूस, मला काय वाटलं? समुद्र कमी झाला तर समुद्रच भरायचा. रोज सकाळी बादलीत शुद्ध पाणी, त्यात पाकिटातलं मीठ, ढवळायचं, जिभेवर थेंब घ्यायचा, हं, खारट आहे, ओता. बाबा समोर बसून बघतायत. रोज. एक शब्द नाही.

नवव्या दिवशी प्रवाळ मिटला. बाबा मिटले होते ना, अगदी तस्साच. अकराव्या दिवशी एक मासा वर येऊन धापा टाकायला लागला. मेहुण्याला फोन केला तर म्हणतो, "रुसला असेल." हा मासा गेला तर बाबांची खुर्ची पुन्हा भिंतीकडे, हे मला दिसत होतं. म्हणून घाईघाईने आणखी दोन मुठी मीठ बादलीत टाकलं, आणि मागून आवाज आला.

"गाढवा."

दीड वर्षांनी माणूस बोलला. आणि पहिला शब्द हा.

"मीठ उडत नाही रे. उडतं ते पाणी. कमी होतं ते गोडं, आणि तू भरतोस खारं. अकरा दिवस खारवतोयस बिचाऱ्यांना." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला हे माहीत होतं? तर म्हणतात, "सव्वीस वर्षं बोटीवर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचं यंत्र कोण चालवत होतं?" मग अकरा दिवस गप्प का बसलात? बाबा म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

पन्नाशी उलटली माझी. खरंच कधी विचारलं नव्हतं हो.

तेव्हापासून टाकी त्यांच्या ताब्यात. दोन दिवस वाटी वाटीने खारं काढून गोडं घातलं, एकदम नाही, "एकदम केलंस तर तेही मारेल." मला पिटाळून ती नळी आणवली. मासा तरला, प्रवाळ उघडला आणि बाबा सुटले. सकाळी सहापासून बोलतात. मेहुण्याचा फोन माझ्या हातातून घेऊन त्याला म्हणतात, "टाकी चांगली सुचवलीस हो, लहानशीच बरी." तो मासा, ज्याच्यासाठी मी रडायचा बाकी होतो, तो बाबा आले की काचेशी येतो आणि मी आलो की दगडामागे.

परवा शेजारी आले. बाबांनी त्यांना पाऊण तास टाकी समजावली, बोट, यंत्र, आई किनाऱ्यावर कशी उभी राहायची, सगळं. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हे काय करतात?" बाबा म्हणाले, "तो? तो बादली धरतो."

हातात बादलीच होती, नाही कसं म्हणू? पण बाबा हसत होते हो, आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तसाच टाकीवर वाकलो, मासा तरी दिसतो का बघायला. तर बाबा खेकसले, "मागे हो. मीठ पडेल त्यात."

झालो मागे. बादली घेऊन.