आवाज येईना

उदगीरच्या स्टँडवर मी नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोन शेजारणी होत्या. एकीनं नुकताच लेकीचा फोन ठेवला होता.

"हाजराबी, तुमची नाझनीन बेंगळूरला नेमकं करती काय?"

"काचेच्या तारेतून उजेड येतो म्हणे, त्यात लोकांचं बोलणं असतंय. लांबून येऊस्तोवर तो लई बारीक होतो. त्याला मोठं करायचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याचं डिझाइन करती."

"लग्नात बँडवाल्याकडं असतो तसला?"

"तसलाच, पण नखाहून बी बारका. अन् नुसतं मोठं करून भागत न्हाई, साखराबाई. संगं खरखर बी मोठी होती. खरखर दाबून बोलणं तेवढं वाढवायचं, त्यातच तिचं सारं डोकं जातंय."

"ईदला येणार का मग?"

"न्हाई. तिचं पहिलंच डिझाइन आता कुठं कारखान्यात चाललंय."

"तरी ये म्हणायचं की."

"म्हणते की. रोज म्हणते, फोन ठेवायच्या आधी."

"आत्ता तर मला काई ऐकू आलं न्हाई. मी तर चिकटून बसले."

"हळूच म्हणते."

"तिला तरी ऐकू जातं का?"

"न्हाई. 'अम्मी, काय बोलली? आवाज येईना,' म्हणती. मी म्हणते, कुच नै, जेवून घे."

"अवो, मग जरा मोठ्यानं म्हणा की!"

"मोठ्यानं म्हटलं तर सारं सोडून येईल की ती."